35 टक्के बचत आणि एक लाल मस्टंग

तुमचा मेसेज दोनदा वाचला, फोटो तर चारदा बघितले, कारण गाडी खरंच देखणी आहे आणि मीपण माणूसच आहे. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. वय 44, मुलगी 5 वर्षांनी कॉलेजला जाणार, घराचं कर्ज चालू आहे, आणि समोर दोन 1967 च्या फोर्ड मस्टंग आहेत. पहिली लाल, "फुल रिस्टोअर्ड" फास्टबॅक (छप्पर मागे शेपटीपर्यंत उतरत जातं ती बॉडी), शेल्बी जीटी500 (मस्टंगचीच जास्त ताकदीची, महागडी आवृत्ती) सारखा लुक, नवीन व्ही8 (8 सिलिंडरचं) इंजिन, 5 स्पीड गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, पर्ल पेंट, भारी ऑडिओ. ती घ्यायची तर एकूण बचतीतले 35 टक्के जातात. दुसरीपण फास्टबॅकच पण मळकट हिरवी, सीट फाटलेली, पेंट जुना, किंमत पहिलीच्या साधारण 60 टक्के. विकणारा म्हणतो लाल गाडी 7 वर्षांत दुप्पट होईल, बँकेत पैसे ठेवून काय मिळतं. आणि तुम्ही विचारताय लाल घेऊ, हिरवी घेऊ की गप्प बसू.

आधी पैशाचं बोलू, मग पत्र्याचं.

समजा लाल गाडीची किंमत 100 आहे आणि विकणाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं, 7 वर्षांनी गाडी 200 ला गेली. विकताना लिलाववाला किंवा एजंट असतोच, त्याचे 10 टक्के धरा, हातात आले 180. आता अशी गाडी नुसती उभी करायलाही पैसे लागतात, इन्शुरन्स, कोरडी बंदिस्त जागा, बॅटरी, टायर, ब्रेक फ्लुइड (ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालवा न चालवा, साधारण 2 वर्षांनी बदलायचंच), गळती, आणि जुन्या गाडीचं ते नेहमीचं "एकदा उघडलंच आहे तर हेपण करून घेऊ". हे सगळं मिळून वर्षाला किमतीच्या 5 टक्के धरतो, आणि हे मी हात राखून धरलंय. आता तेच 100 वर्षाला 6 टक्क्यांच्या साध्या ठेवीत ठेवले आणि दर वर्षीचे ते 5 पण त्यातच टाकत गेलात तर 7 वर्षांनी 150 अधिक 42 म्हणजे 192 होतात. विकणाऱ्याच्या स्वप्नातले 180, ठेवीतले 192. गाडीने नुसती बरोबरी करायची तरी ती 213 च्या वर विकली जायला हवी. म्हणजे त्याने तुम्हाला जे आमिष दाखवलंय ते पूर्ण खरं झालं तरी तुम्ही मागेच. हे गणित त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा, चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि दुप्पट होईलच असं कोण सांगतंय? 2022 मध्ये मर्सिडीजची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे 13.5 कोटी युरोला गेली ती बातमी सगळ्यांना पाठ असते, पण तशा गाड्या जगात फक्त 2 बनल्यात, तिचा आणि तुमच्या लाल गाडीचा संबंध एवढाच की दोघींना चार चाकं आहेत. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ऑगस्ट 1988 मध्ये एन्झो फेरारी गेले, त्याच्या पुढेमागे फेरारीचे भाव असे काही भडकले की लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, आणि 90 चं दशक सुरू होता होता बाजार आपटला. ज्यांना ईएमआय भरायचे होते ते मिळेल त्या भावाला विकून मोकळे झाले. गाडी शेअरसारखी नसते हो, थोडीशी विकता येत नाही, कॉलेजची फी भरायला अर्धं बॉनेट विकलं असं होत नाही.

बरं आता लाल गाडी. तुम्ही चासी नंबर पाठवलात ते फार बरं केलंत, कारण माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतोय. तुम्ही लिहिलंय नंबर 7 आर 01 टी पासून सुरू होतो आणि हिरव्या गाडीचा 7 एफ 02 सी पासून. 1967 च्या मस्टंगमध्ये पहिला 7 म्हणजे मॉडेल वर्ष, मग कारखाना, आर म्हणजे सॅन होजे, एफ म्हणजे डिअरबॉर्न. पुढचे दोन आकडे बॉडीचे, 01 म्हणजे साधी हार्डटॉप म्हणजे कूपे (मागे डिकी वेगळी दिसते ती), 02 फास्टबॅक, 03 कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी). त्यानंतरचं अक्षर इंजिनचं, टी म्हणजे 200 क्युबिक इंचाचं 6 सिलिंडर, सी म्हणजे 289 चं दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं व्ही8.

कळलं का? तुमची लाल "फास्टबॅक" कारखान्यातून कूपे म्हणून बाहेर पडली होती आणि तीपण 6 सिलिंडरची. नंतर कोणीतरी छप्पर आणि मागचा भाग कापून फास्टबॅकचा पत्रा चढवला, व्ही8 बसवलं, वरून शेल्बीचा साज. किंवा त्याहून वाईट, अख्खी बॉडी एका गाडीची आणि नंबर दुसरीचा. हे दुसरं असेल तर ते नुसतं महाग पडण्याचं प्रकरण राहत नाही, कायद्याचं होतं, म्हणून फेंडर एप्रनवर (बॉनेट उघडल्यावर पुढच्या चाकावर दिसणारा आतला पत्रा) ठोकलेला नंबर, दारावरची प्लेट आणि कागदपत्रं हे तिन्ही स्वतः जाऊन जुळवून बघा, फोटोवर विश्वास नको.

लोक हा उद्योग का करतात तर 1967 मध्ये 4,72,121 मस्टंग बनल्या, त्यातल्या फास्टबॅक फक्त 71,042, म्हणजे शंभरात पंधरा. कूपे मात्र साडेतीन लाखांच्या वर. सगळ्यांना हवी फास्टबॅक आणि मिळते कूपे, मग वेल्डिंग मशीन निघतं. त्यात गैर काही नाही, काही जण हे काम फार सुंदर करतात, पण मग सांगून विकावं आणि रूपांतर केलेल्या गाडीच्या भावात विकावं. तुम्हाला मात्र खऱ्या फास्टबॅकचा भाव लावलाय आणि वर कस्टम कामाची मजुरी. माझा राग तिथे आहे. शिवाय कस्टम कामाचा खर्च विकताना क्वचितच परत मिळतो, कारण तो पर्ल लाल रंग आणि ती मोठी चाकं एका माणसाच्या आवडीची आहेत आणि पुढच्या गिऱ्हाइकाची आवड वेगळी असते. डिस्क ब्रेक, 5 स्पीड अशा गोष्टी गाडी चालवायला सोप्या करतात म्हणून लोक त्याला थोडेफार पैसे मोजतात, त्यातही मूळ पार्ट खोक्यात जपून ठेवलेले असतील आणि परत बसवता येत असतील तर जास्तच. कापलेलं छप्पर खोक्यात ठेवता येत नाही.

कामाचा दर्जा कसा बघायचा हेपण तुम्ही विचारलंय. मी काही मेकॅनिक नाही, पण एकदा हात पोळलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली होती, विकणारा गोड बोलणारा, पेंटमध्ये तोंड दिसत होतं. दोन पावसाळे गेले आणि दाराखालचे हीटर चॅनल, जे त्या गाडीचा कणाच असतात, तिथून पुट्टीचे पापुद्रे निघायला लागले, आत पत्रा जवळजवळ नव्हताच. दुरुस्तीत गाडीच्या किमतीएवढे पैसे गेले. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ना तसं. तेव्हापासून पेंट बघून मला आनंद होत नाही, संशय येतो.

मस्टंगमध्ये सडायची जागा ठरलेली आहे, विंडशील्डच्या पुढे जी जाळी असते ना त्याखालचा काऊल. पानं-कचरा साठतो, पाणी तुंबतं, आतला पत्रा गंजतो आणि पाणी सरळ पायाखाली येतं. तो भाग बाहेरून दिसत नाही आणि नीट करायचा तर वरचा पत्रा वेल्ड तोडून काढावा लागतो, म्हणून घाईतलं रिस्टोरेशन करणारे तो सोडून देतात. बाटलीभर पाणी जाळीत ओता, पुढचं कार्पेट उचला आणि 10 मिनिटं थांबा. फ्लोअर ओला झाला तर "फुल रिस्टोअर्ड" हा शब्द त्या माणसाने परत उच्चारू नये. मग खाली वाका आणि गाडीचा सांगाडा बघा, फ्रेम रेल (खालचे लांब आधार), टॉर्क बॉक्स (ते जिथे बॉडीला जोडतात ते कोपरे), मागची चाकं जिथे बसतात तो भाग, आणि बॉनेटखाली शॉक टॉवरला (पुढचे शॉक अब्सॉर्बर जिथे वर बसतात ते पत्रे) चिरा आहेत का. खालून सगळीकडे ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर खूश होऊ नका, काळ्या रंगाखाली वेल्डिंगपण लपतं आणि भोकंपण.

पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते घेऊन जा किंवा कोणाकडून आणा. कारखान्याचा पेंट साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, नीट रिपेंट केलेली गाडी 200-300 दाखवते, त्याचं टेन्शन नको, पण 1000 च्या पुढे आकडा गेला की तिथे पुट्टीचा डोंगर आहे. फक्त एक गोष्ट, छप्पर आणि मागच्या पॅनलच्या सांध्यात फोर्डने कारखान्यातच शिसं भरलेलं असायचं, त्यामुळे तिथला मोठा आकडा म्हणजे चोरी पकडली असं नाही. आणि शेल्बी लुकचे पार्ट फायबरग्लासचे असतात, त्यावर हे यंत्र काही सांगणारच नाही.

बाकी छोट्या गोष्टींवरून माणूस कळतो. काचेचं रबर काढून पेंट केलंय की नुसती टेप लावून फवारलंय, रबराची कड नखाने उचला, खाली जुना रंग दिसला की कळलं. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, वायरिंग एकसारखं बांधलेलं आहे की रंगीबेरंगी तुकडे चिमटा-जोडाने टोचलेत, ऑडिओवाल्यांनी तर तिथे काय काय केलेलं असतं देव जाणे. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे 4 आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, नक्षी नवी असली तरी टायर 10 वर्षांचे निघतात. आणि इंजिन तुम्ही पोचायच्या आत गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा, थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे, धूर, आवाज, ऑइल प्रेशर सगळं खरं तेव्हाच दिसतं.

पण सगळ्यात महाग वस्तू गाडीत नसतेच, ती फायलीत असते. पेंट काढून उघडा केलेला पत्रा, कापलेला गंज, नवीन वेल्ड, प्रायमर, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं. खरं काम करणारा माणूस हे फोटो अभिमानाने काढतो, कधी कधी इतके की बघून कंटाळा येतो. तुमच्या विकणाऱ्याने 40 फोटो पाठवले आणि सगळे पॉलिश झाल्यावरचे. मधले कुठे गेले?

आता हिरवी. ती खरी फास्टबॅक, खरी व्ही8, आणि जुनी फाटकी असल्यामुळे निदान काही लपवलेलं कमी. तिचा मालक "मॅचिंग नंबर्स" म्हणतोय, म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळ आहे आणि नंबर जुळतात, ते मात्र त्याला जपून बोलायला सांगा. 1967 च्या साध्या मस्टंगच्या इंजिनवर गाडीचा नंबर ठोकलेलाच नसायचा, ते हाय परफॉर्मन्सच्या के-कोडला (चासी नंबरात इंजिनचं अक्षर के असलेल्या गाड्यांना) होतं, बाकीच्यांना 1968 पासून. हिरवीसारख्या सी-कोडमध्ये फार तर ब्लॉकवरची ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या थोडी आधीची आहे का एवढं बघता येतं. ते जुळलं तर छान, पण त्याला "बहुतेक मूळ इंजिन" म्हणायचं आणि तेवढेच पैसे द्यायचे. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो, फोर्डच्याच उत्पादन नोंदींवरून, गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनसह, कधी बनली ते त्यात येतं. गाडीच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे, दोन्ही नंबरांचा काढा. लाल गाडीचा रिपोर्ट तर मला स्वतःला वाचायचाय.

तर माझं मत. लाल नको, या भावात तर अजिबात नको. रूपांतर केलेली कूपे म्हणून त्याने भाव उतरवला तरी मी म्हणेन नको, कारण विकायला जाल तेव्हा समोरचापण नंबर वाचणारच. हिरवी चांगली आहे पण तीसुद्धा तुमच्या बचतीच्या 21 टक्के होते आणि फाटक्या गाडीला पहिल्या वर्षात आणखी पैसे लागणारच. मुलीची फी आणि 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून जे उरतं त्याच्या 15 टक्क्यांच्या वर मी अशा छंदाला जाऊ देणार नाही, आणि याला मी छंदच म्हणणार, गुंतवणूक म्हटलं की आपण स्वतःलाच गंडवायला लागतो. विकताना निम्मे पैसे आले तरी घरात भांडण होणार नाही एवढीच रक्कम घाला.

तोपर्यंत एक करा. हिरव्या गाडीच्या किमतीच्या 5 टक्के म्हणजे वर्षाचा सांभाळायचा खर्च, त्याला 12 ने भागा आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाकायला लागा, जणू गाडी दारात उभीच आहे. दीड वर्ष हे न कुरकुरता जमलं तर तुम्हाला कळेल परवडतंय का, आणि खात्यात सुरुवातीच्या दुरुस्तीची रक्कमपण जमलेली असेल. हिरवी तोवर विकली जाईल अशी भीती वाटत असेल तर वर तो 71,042 चा आकडा परत बघा, त्यातल्या सगळ्या काही सडल्या नाहीत. आणि जेव्हा केव्हा घ्याल तेव्हा तपासणी अशा माणसाकडून करून घ्या ज्याला सौदा झाला काय न झाला काय एक पैसा मिळत नाही, इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा घ्या, बाजारभावाचा नको, नाहीतर अपघात झाला तर कंपनी तिला 1967 ची जुनी गाडी म्हणून हातावर चिल्लर ठेवेल.

मिसेसना हे सगळं वाचायला देणार असं तुम्ही म्हणाला होतात म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ, वहिनी, यांनी चासी नंबर मागून घेतला हे खरंच हुशारीचं काम केलंय, फक्त तिजोरीची चावी अजून यांच्या हातात देऊ नका. रिपोर्ट आले की पाठवा.