घरी ओटीटीवर मारधाडीचे सिनेमे बघताना संवाद ऐकू येत नाहीत, स्फोट मात्र कान फाडतात. साउंडबार घेऊ का?

साउंडबारचं मागाहून. आधी सांगा, घरात कुणाला बहिरं ठरवून मोकळे झालात का? आमच्याकडे झालं होतं.

आमचं गोव्यात डिचोलीचं कौलारू घर. बाबा ७३ वर्षांचे. रात्री जेवण झाल्यावर एखादा खून आणि एखादा पाठलाग पाहिल्याशिवाय त्यांना झोप नाही. गेल्या पावसाळ्यात दर दोन मिनिटांनी सुरू झालं, "कितें म्हणलें रे ताणें?" की आवाज वाढव. पस्तीसवर नेला की हेराची कुजबुज जेमतेम कळायची. मग गाडी उडायची, शोकेसची काच थरथरायची, आई आतून ओरडायची, आणि बाबांना रिमोट सापडेपर्यंत गोळीबार संपलेला असायचा.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. चतुर्थीला आला, दोन रात्री हा प्रकार बघितला आणि दोन्ही आत्यांसमोर निकाल देऊन टाकला, "बाबांचे कान गेले. मशीन घ्या." बाबा काही बोलले नाहीत. सिनेमा अर्धाच बंद करून सोप्यावर जाऊन बसले. पुढे आठवडाभर त्यांनी टीव्हीला हात लावला नाही.

पणजीला नेऊन कान तपासले. वयाच्या मानाने उत्तम. त्याच रात्री मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो. ऑडिओ ५.१ वर होता, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर असलेल्यांसाठीचा! त्यात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरसाठी असतात. आपल्या टीव्हीला मुळात दोनच स्पीकर, तेही जमिनीकडे तोंड करून. मग सगळं त्या दोघांत कोंबलं जातं आणि बोलणं संगीताखाली गाडलं जातं. त्यात नेटफ्लिक्सच्या नियमाप्रमाणे संवादाची सरासरी उणे २७ एलकेएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) आसपास ठेवायची असते, पण स्फोटाचं टोक उणे २ डेसिबलपर्यंत जाऊ शकतं. संवादासाठी आवाज वाढवलात की स्फोट अंगावर येणारच. थिएटरात ती मजा आहे, घरी रात्री साडेदहाला नाही.

५.१ चं स्टीरिओ केलं, नाइट मोड लावला (मोठे आवाज दाबतो, बारीक उचलतो), बास उतरवला. आता एकवीसवर भागतं. प्राइमवर २०२३ पासून 'डायलॉग बूस्ट' आहे, ऑडिओच्या यादीत सापडतो, पण सगळ्या सिनेमांना नाही.

साउंडबार घ्यायचाच तर मधला चॅनल वेगळा असलेला, खोक्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलेला घ्या. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि धडधडणारा सबवूफर. संवादाला वेगळी जागाच नाही. भावाने दिवाळीला नेमका तसलाच पाठवला. खोक्यातच आहे, हवा असेल तर डिचोलीला येऊन घेऊन जा. त्याला मी तीनदा समजावलं की दोष सेटिंगचा होता. त्याचं एकच, "डॉक्टर बाबांना बरं वाटावं म्हणून तसं बोलले असतील." पट्टीचा इंजिनियर, पण स्वतःच्या टीव्हीचा मेनू कधी उघडून बघितला नसेल.

हां, एक राहिलं. उतारवयात वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी होतात, स आणि फ सारखे उच्चार निसटतात. तुमच्या घरात कुणाला दारावरची बेल किंवा समोरासमोरचं बोलणंही कळत नसेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, कान तपासा. आणि कौलांवर आषाढातला पाऊस कोसळत असेल तर सबटायटल लावा, त्यावर दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही.

भाऊ अजूनही रविवारी फोनवर विचारतो, "मशीन घेतली का?" बाबांना ते पहिल्या खेपेलाच ऐकू येतं. काही न बोलता फोन माझ्या हातात देतात.