एका ओट्याचा संसार

अगं, तालुक्याला एकच खोली घेतलीस, तर पन्नास भांड्यांचा सेट घेऊन ठेवशील कुठं? आधी पाच लिटरचा कुकर. तीनचा स्वस्त पडतो, पण त्यात वरण-भाताचे दोन डबे नीट मावत नाहीत. मग लोखंडी तवा. नवा असताना घासून, तेल लावून मंद आचेवर दोन-तीनदा तापव, नाहीतर पहिली भाकर चिकटलीच समज. नॉनस्टिक नकोच, कोरडा तापवला की लेप जातो. (माझा सहा महिन्यांत गेला.) एक कढई, दोन गंज, सराटा, परात, पोळपाट-लाटणं, सांडशी. मिक्सर नंतर, लाइट गेली तरी खलबत्त्यात ठेचा होतो. उन्हाळ्याआधी माठ मात्र आण, फ्रिज राहू दे.