प्रोग्राम मशिनवर आहे, मग स्क्रिप्टला का दिसत नाही?

प्रश्न: ताई नमस्कार, वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. मराठी बिलं स्कॅन करून पायथन स्क्रिप्टने टेसरॅक्टकडून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून, त्यातला मजकूर काढतो. उबुंटूचं मशिन आहे. हाताने चालवली की मराठी एकदम नीट वाचते, पण रात्री क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायला, लावली तर 'टेसरॅक्ट सापडला नाही' म्हणायची. मित्राने ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या सोयीने, परत इन्स्टॉल करून दिला, आता एरर येत नाही पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमिड येते. आधीचा टेसरॅक्ट एका मुलाने सोर्सवरून बिल्ड करून दिला होता. आहे की नाही हे स्क्रिप्टमधनं तपासायचं तरी कसं?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: तुम्ही शेवटी सोर्सचं सांगितलंत ना, त्यातच सगळं आलं. तुमच्या मशिनवर आता दोन टेसरॅक्ट आहेत. सोर्सवरून बिल्ड केलेला जातो /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आणि ॲप्टवाला /यूएसआर/बिन मध्ये. टर्मिनलच्या पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरच्या यादीत, लोकलवाला फोल्डर आधी येतो म्हणून हाताने चालवताना तुम्हाला जुना मिळतो, पण क्रॉन तुमचं टर्मिनलचं सेटिंग वाचतच नाही, त्याचा पाथ असतो फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन, म्हणून आधी त्याला काहीच सापडत नव्हतं आणि आता मित्राने टाकलेला सापडतो. त्या ॲप्टवाल्याबरोबर इंग्रजीचा डेटा आपोआप येतो, मराठीचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

गिचमिड का, तर तुम्ही भाषा बहुतेक मराठी अधिक इंग्रजी अशी दिली असणार. मराठी लोड झाली नाही तर टेसरॅक्ट तशी एक ओळ एररमध्ये छापतो आणि उरलेल्या इंग्रजीवर पुढे काम करून मोकळा होतो, एक्झिट कोड पण शून्य, म्हणजे काम नीट संपल्याची खूण. म्हणजे स्क्रिप्टच्या दृष्टीने सगळं ओके. मला हे एरर येण्यापेक्षा जास्त घातक वाटतं, एरर आली तर सकाळी कळतं तरी, इथे रात्रभर चुकीचा मजकूर सेव्ह होत राहतो आणि कुणाला पत्ता नाही.

आता तपासायचं कसं. पायथन ३.३ पासून शटिल मॉड्यूलमध्ये व्हिच नावाचं फंक्शन आहे, नाव द्या, पाथमध्ये जो पहिला सापडेल त्याचा पूर्ण पत्ता देतं, नाहीतर नन, म्हणजे 'काही नाही', देतं. विंडोजवर डॉट ईएक्सई वगैरे शेपट्या पण तेच बघतं. बरेच जण इथेच थांबतात आणि मला ते अर्धवट वाटतं, कारण त्या नावाचं काहीतरी आहे एवढंच कळलं, आपलं काम त्याच्याने होईल का ते नाही कळलं. म्हणून तो पत्ता लॉगमध्ये छापा, मग त्याच पत्त्याने सबप्रोसेसमधून (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवणारं मॉड्यूल) टेसरॅक्टला दोन डॅश लावून लिस्ट-लॅंग्ज विचारा आणि आलेल्या भाषांच्या यादीत एमएआर, म्हणजे मराठीचा कोड, नसेल तर स्क्रिप्ट तिथल्या तिथे बंद करा, एकही बिल वाचू नका. टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ते, द्यायला विसरू नका. आणि एक, दुसऱ्या प्रोग्रामची व्हर्जन अशीच विचारणार असाल तर स्टँडर्ड आउटपुट आणि एरर, म्हणजे प्रोग्राम उत्तर छापतो त्या दोन वेगळ्या वाटा, दोन्ही वाचा, जावा किंवा पीडीएफची पानं काढणारा पीडीएफटूपीपीएम घ्या, ते व्हर्जन एररच्या बाजूला छापतात आणि आपण रिकामं उत्तर बघत बसतो.

तुमच्यापुरतं म्हणाल तर एक टेसरॅक्ट ठेवा, एक काढून टाका. ॲप्टवाला ठेवलात तर मराठीचं पॅकेज पण ॲप्टनेच घ्या. सोर्सवाला ठेवायचा असेल तर क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, वरती पाथची ओळ लिहा, आणि ॲप्टने टाकलेला भाषेचा डेटा त्याला दिसेल असं समजू नका, त्याचा डेटाचा फोल्डर वेगळा असतो. आणि ही तपासणी टर्मिनलमध्ये करून समाधान मानू नका हं, क्रॉनमधूनच एकदा चालवून लॉग बघा.

प्रश्न: एम-वन मॅकवर बिलावरचा क्यूआर वाचायला पायझेडबार हे पायथनचं पॅकेज टाकलं, होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम टाकायची सोय) त्याला लागणारी झेडबार लायब्ररी पण टाकली, तरी 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' येतं. जुन्या इंटेल मॅकवर हेच चालायचं.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: पायझेडबार लायब्ररी शोधतं पायथनच्या सीटाइप्स मॉड्यूलमधल्या फाइंड-लायब्ररीने, आणि ते मॅकवर ठरावीक फोल्डर बघतं, त्यात /यूएसआर/लोकल/लिब असतो. इंटेलवर होमब्रू तिथेच टाकायचं. एम-वनपासून ते /ऑप्ट/होमब्रू मध्ये गेलं. स्क्रिप्टमध्ये पायझेडबार इम्पोर्ट करायच्या आधी ओएस डॉट एन्व्हायरनमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंग्जची यादी) डीवायएलडी-फॉलबॅक-लायब्ररी-पाथ या व्हेरिएबलला /ऑप्ट/होमब्रू/लिब द्या, नावातले डॅश प्रत्यक्षात अंडरस्कोर आहेत. इम्पोर्टनंतर देऊन उपयोग नाही. तरी सापडलं नाही तर तुमचा पायथन इंटेलचा म्हणजे रोझेटावर (इंटेलचे प्रोग्राम नव्या मॅकवर चालवणारी ॲपलची सोय) चालणारा नाही ना ते प्लॅटफॉर्म डॉट मशीनने बघा, एआरएम६४ यायला पाहिजे, कारण फाइल सापडली तरी इंटेलचा पायथन ती लोड करू शकत नाही. आणि लायब्ररीची फाइल डिस्कवर आहे का असं बघणारा कोड कुठे असेल तर तो काढा, मॅकच्या बिग सर व्हर्जनपासून ॲपलच्या स्वतःच्या लायब्रऱ्या एका कॅशमध्ये असतात, फाइल दिसत नाही पण लोड होते. सरळ लोड करून बघायची.