किनाऱ्यावरची शहरं बुडू नयेत म्हणून काम करायचंय, मग बारावीनंतर घ्यायचं काय?

श्रीवर्धनहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, मॅथ्स-बायो दोन्ही घेतलंय. जून २०२० च्या निसर्ग वादळात घराचे पत्रे गेले, सुपारीची बाग आडवी झाली, तेव्हापासून तिचं एकच, वादळात किनाऱ्यावरची शहरं बुडू नयेत असं काहीतरी काम करायचं. मामा म्हणतो कॉम्प्युटर घे. तिने स्वतः एका खाजगी युनिव्हर्सिटीची ‘क्लायमेट’वाली डिग्री शोधलीये, तिची फी ऐकून ताईंची झोप उडालीये.

ताई, सरळच सांगतो, ती डिग्री आत्ता नको. विषय वाईट नाही, पण नोकरी देणारा विचारतो तुला येतं काय, हायड्रॉलिक्स, म्हणजे वाहत्या पाण्याचं गणित येतं का, नकाशे करता येतात का, कॉम्प्युटरवर पाण्याचं मॉडेल चालवता येतं का, आणि सगळंच थोडं थोडं शिकलेली मुलं तिथे अडकतात. आधी एक काम पक्कं हातात येऊ दे, क्लायमेट नंतर मास्टर्सला.

काम कसं असतं ते मुंबईवरून बघा. वादळात हवेचा दाब उतरतो, साधारण एक मिलिबारला एक सेंटिमीटर समुद्र वर येतो, वर वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, आणि नेमकी भरती असली तर संपलंच. मुंबईतलं पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी १८६ पातमुखं आहेत, त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, भरतीच्या पातळीच्या वर फक्त ६. भरतीला गेट बंद नाही केलं तर समुद्रच नाल्यातून आत येतो, आणि बंद केलं की पावसाच्या पाण्याला वाट नाही, मग ते पंपाने उपसून टाकायचं, हाजी अली, इर्ल्याची पंपिंग स्टेशनं त्याचसाठी बांधली. आता समुद्र वाढतोय, अरबी समुद्र तापतोय तशी वादळंही जोर धरतायत, म्हणजे पंप केवढा, नाला किती रुंद, कुठल्या वस्तीला आधी हलवायचं, हे कोणीतरी बसून काढायला लागतं. तिचं करिअर ते. ग्लॅमर शून्य हां.

मी तरी सिव्हिल सांगेन, सीईटीतून सरकारी कॉलेज मिळालं तर फीही आवाक्यात. मग एमटेकसाठी गेट ही परीक्षा देऊन आयआयटी, मद्रासला ओशन इंजिनीअरिंगचा वेगळा विभागच आहे. शहराच्या आखणीत रस असेल तर प्लॅनिंग, दिल्ली-भोपाळच्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जेईई मेनचा प्लॅनिंगचा पेपर वेगळा असतो, फॉर्म भरताना तो निवडायला मुलं हमखास विसरतात. फिजिक्स आवडत असेल तर बीएससी, एमएससी करून हवामानाकडे. माणसांमध्ये काम करायचं असेल तर टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आपत्ती व्यवस्थापनाचं मास्टर्स आहे.

नोकऱ्या महापालिकांत, कन्सल्टन्सी कंपन्यांत, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, वादळाच्या लाटांचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेत. सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो, हे मुलीलाही आत्ताच माहीत असू दे. आणि मामांचंही अगदीच चुकलेलं नाही बरं का, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आल्याशिवाय या कामात आता कोणी उभं करत नाही, पण ते शिकायला कॉम्प्युटरचीच डिग्री लागत नाही.

मुलीला साइटवर झेपेल का असं विचारलंय. झेपेल. मुली करतायत.

परीक्षा झाली की एक काम द्या तिला. अमावस्येच्या उधाणाला भरतीच्या वेळी गावातल्या मोठ्या गटाराच्या तोंडाशी जाऊन बघायचं, पाणी बाहेर पडतंय की खाडीचं आत शिरतंय, वेळ लिहायची, फोटो काढायचा, पौर्णिमेला परत, मधल्या भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांतही एकदा. मग क्यूजीआयएस नावाचं नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गावाच्या नकाशावर या जागा भरायच्या. पावसाळाभर हे करून मजा आली तर सिव्हिल, आणि दोन भरत्यांत कंटाळा आला तर खुशाल मामांचं ऐका.