वाचकांचे प्रश्न: यादीत भर घालू नका, आधी काहीतरी काढा

प्रश्न: ताई नमस्कार. मी कर्वेनगरला राहते, वय ४१, हिंजवडीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सध्या सगळं एकदमच अंगावर आलंय, मुलगी दहावीला, सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तर फिजिओवाले घरी येतात त्यांच्या वेळा सांभाळा, ऑफिसात मार्चपर्यंत मान वर करायला फुरसत नाही आणि जायला यायला चांदणी चौक ते वाकड ट्रॅफिक आहेच. मिस्टर मदत करतात, नाही असं नाही, पण मी सांगितलं तर. हल्ली मुलीवर उगाच ओरडते आणि मग रात्री रडू येतं, रविवार संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागतं. मैत्रीण म्हणाली पहाटे पाचला उठून योगा कर, मेडिटेशनचं अ‍ॅप घे. सुरू केलं आणि बंद पडलं, आता तेही जमत नाही म्हणून अजूनच वाईट वाटतं. बर्नआउट म्हणतात ते हेच का? की मीच कमी पडतेय?

उत्तर: तुम्ही कमी पडत नाही आहात, हे आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तीन खुणा आहेत: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामावरचं मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, आणि ती व्याख्या फक्त नोकरीच्या कामापुरती आहे. सासऱ्यांचा फिजिओ, मुलीचं बोर्ड, उद्या डब्याला काय हे त्यात मोजलेलं नाही. पण तुमच्या डोक्यात ते सगळं एकत्रच चालू असतं ना, म्हणून नावात फार अडकू नका.

धडधडीसाठी मात्र आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन या. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ बघून घ्या, पाळीत काही बदल झाला असेल तर तोही सांगा. या वयात बऱ्याच जणी हा सगळा थकवा मनाचाच म्हणून अंगावर काढतात आणि रिपोर्टमध्ये वेगळंच निघतं.

आता योगाचं. योगा चांगलाच आहे, पण रात्री बारापर्यंत ओटा आवरून पहाटे पाचला उठायचं म्हणजे झोप कापून योगा झाला, आणि मोठ्या माणसाला कमीत कमी सात तास झोप लागतेच. सध्या ते अ‍ॅप काढून टाका आणि खुशाल झोपा. जी बाई आधीच दमलीय तिला स्वतःची काळजी घेण्याचं अजून एक काम लावायचं, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. यादीत काही घालायच्या आधी यादीतून काहीतरी गेलं पाहिजे.

आणि ते कुठून जाईल हे तुमच्या पत्रातच आहे, 'मी सांगितलं तर'. सांगायचं म्हणजे लक्षात तुम्हीच ठेवायचं, वेळ तुम्हीच बघायची, झालं का हेही तुम्हीच विचारायचं, म्हणजे हात फक्त दुसऱ्याचे. तसं नको. फिजिओ अख्खा मिस्टरांकडे देऊन टाका, फोन त्यांच्या नंबरवर, पैसे त्यांनी द्यायचे, बाबांकडून व्यायाम त्यांनी करून घ्यायचे, डॉक्टरची पुढची अपॉइंटमेंट त्यांनी घ्यायची. सुरुवातीला एखादी वेळ चुकेल, बाबा कुरकुर करतील, तेव्हा मध्ये पडायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये, पण एकदा मध्ये पडलात की काम परत तुमच्याकडे. पोळ्यांचंही तसंच, कर्वेनगर-कोथरूडला पोळी-भाजी केंद्रं काय कमी आहेत का, मार्च संपेपर्यंत पोळ्या बाहेरून आणा आणि त्याबद्दल कुणाला काही समजावत बसू नका.

ऑफिसचं बघू. तुमचं काम तारखांवर चालतं, सात तारखेला कापलेला कर म्हणजे टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१ आणि वीसला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. म्हणजे पहिले वीस दिवस चढण आहे हे दर महिन्याला आधीच माहीत असतं, तरी आपण डेंटिस्ट, पालकसभा, बँक, पाहुणे सगळं त्याच वीस दिवसांत कोंबतो. हलवता येण्यासारखं जे जे आहे ते एकवीसच्या पुढे ढकला आणि त्या आठवड्यात एक दिवस रजा टाका, आत्ताच, कॅलेंडरवर. मार्चमध्ये ते जमणार नाही, तर एप्रिलमध्ये दोन दिवस जास्त घ्या. मॅनेजरला 'मला झेपत नाही' म्हणू नका, त्यावर 'सगळ्यांनाच आहे' एवढंच उत्तर येतं. कामं लिहून न्या आणि विचारा की वीसपर्यंत यातली एवढी होतील, उरलेल्यातलं कुठलं पुढे ढकलू आणि कुठलं दुसऱ्याला देऊ. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मार्चअखेरपर्यंत मिळतंय का तेही याच वेळी विचारून घ्या, मुदत सांगितली की माणसं हो म्हणतात. संकोच वाटला तर हे लक्षात ठेवा: २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त दिसला.

लेकीला सरळ सांगा की मी दमलेय, तुझ्यावरचा राग नव्हता तो. दहावीच्या मुलीला हे नीट कळतं, आणि तिच्याशेजारी बसून अभ्यास घ्यायची तिला गरजही नसते. रात्री जेवण झाल्यावर दोघी सोसायटीत एक चक्कर मारा, त्यात बोर्डाचा विषय नको.

हे सगळं एप्रिलपर्यंतचं. एप्रिलनंतरही रविवारी तसंच धडधडलं तर मग नोकरीचाच विचार शांतपणे करावा लागेल, तेव्हा पुन्हा लिहा. पण दोन आठवडे रोज रडू येतंय, कशातच बरं वाटत नाही किंवा जगू नये असं मनात आलं तर एप्रिलची वाट बघायची नाही, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे, किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करायचा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. अभ्यासिकेत सगळे चौदा-चौदा तास बसतात, मी दुपारी घरी गेलो तरी गिल्टी वाटतं. आता वाचलेलं लक्षातच राहत नाही.

उत्तर: अरे, चौदा तास खुर्चीवर बसणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, ती कापून तास वाढवलेस तर लक्षात राहणार कसं? रात्रीचा चहा बंद कर, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी, पर्वती चढून ये नाहीतर मित्राकडे जाऊन लोळ, पण पुस्तक सोबत न्यायचं नाही. शेजारचा किती वाजता उठतो ते बघणं थांबव, त्याची खुर्ची सोडून दुसरीकडे बस हवं तर. आणि घरी फोन कर, आईला निकालाशिवायचंही काहीतरी ऐकायचं असतं.