झेब्युलन पाइक: आधी बाप-लेक वेगळे करा

"पाइक जन्मला १७७९ मध्ये, मग तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला कसा?" हा तुमच्या लेखासाठीचा प्रश्न वाचून कपाळावर हात मारला. तुमच्यावर चिडून नाही, स्वतःची आठवण येऊन!

अमेरिकी सैन्याधिकारी आणि शोधप्रवासी म्हणून ओळखला जाणारा हा पाइक त्या युद्धात लढलाच नाही. लढले ते त्याचे वडील. नाव तेच, झेब्युलन पाइक. दोघंही सैन्यात, दोघंही कधी ना कधी मेजर, आणि लेकानं नोकरी सुरू केली तीही बापाच्याच तुकडीत. १८१३ मध्ये यॉर्कला, म्हणजे आजच्या टोरांटोत, दारूगोळ्याच्या कोठाराच्या स्फोटात लेक गेला. म्हातारा पुढे १८३४ पर्यंत जगला.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहिताना मी एका अभिलेखागाराला "मेजर पाइक यांची कागदपत्रं" एवढंच लिहून पैसे भरले. सहा आठवड्यांनी गठ्ठा आला, सगळा थोरल्यांचा. मीही डोळे झाकून मजकूर लेकाच्या नावावर चढवला आणि तसाच छापूनही आला. नंतर त्यांना कळवलं तर उत्तर काय, "विनंतीतील नावाप्रमाणेच प्रती दिल्या आहेत, शुल्क परत मिळणार नाही." अहो, "बाप हवा की लेक?" एवढी एक ओळ लिहायला काय जात होतं? असो. चूक माझीच, जन्मसाल लिहायला हवं होतं. तुम्ही लिहा.

मी इतिहासकार नाही, हे धरून पुढचं वाचा. लेकाच्या १८०६-०७ च्या, अमेरिकेच्या नैऋत्येकडील शोधमोहिमेसाठी त्याच्या छापील रोजनिशीवर डोळे मिटून विसंबू नका. स्पॅनिशांनी त्याला पकडून कागद काढून घेतले. शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत लपवलेल्या टिपणांवर आणि आठवणीवर त्यानं १८१० चं पुस्तक उभं केलं. जप्त कागद मेक्सिकोत सापडले ते थेट विसाव्या शतकात. त्याला पाठवणारा जनरल विल्किन्सन स्पेनकडून पैसे खात होता. पाइकला त्याची कल्पना नसावी, असं माझं आपलं मत.

आणि कृपा करून "पाइक्स पीक (कोलोराडोतलं, पुढे त्याच्याच नावानं ओळखलं गेलेलं शिखर) सर केलं" असं लिहू नका. नोव्हेंबरात सुती कपड्यांवर, पायात मोजेही नसताना, कमरेइतक्या बर्फातून तो मागे फिरला. मला विचाराल तर लेखाची सुरुवात तिथून नको, त्याच हिवाळ्यातल्या पुढच्या महिन्यांतून करा. हिमदंशामुळे मागे सोडलेल्या शिपायांनी त्याला निरोपासोबत आपल्याच पायांतली हाडं पाठवली होती.