'पाच कडी' कुठून आली?

विचारणा अशी आहे: मियामोतो मुसाशी या जपानी तलवारबाजाच्या ग्रंथाचं नाव एका लेखात 'पाच कड्यांचं पुस्तक' असं दिलं होतं. ग्रंथात कडी कुठेच भेटत नाहीत. मग ही कडी कसली? आणि नाव 'मुसाशी' लिहावं की 'मुसाशि'?

कडी इंग्रजीच्या वाटेने आली. मूळ नाव 'गोरिन नो शो'. 'गो' म्हणजे पाच, 'शो' म्हणजे ग्रंथ आणि मधला 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. राहिलं 'रिन'. या अक्षराचा अर्थ चाक, चक्र, वाटोळी वस्तू. इंग्रजीत त्याचं 'रिंग' झालं आणि मराठीत उतरताना 'कडं'. प्रत्येक पायरीवर अर्थ शब्दकोशाला धरून आहे, पण वस्तू वाटेत सांडली. 'गोरिन' हा बौद्ध परिभाषेतला जोडशब्द आहे आणि त्याचा अर्थ पंचमहाभूतं.

ग्रंथाच्या पाच खंडांची नावंच पाहा: ची, सुइ, का, फू, कू. म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. क्रमसुद्धा तोच, जो आपण लहानपणी घोकलेला असतो. ही मंडळी आपल्याकडूनच चीनमार्गे तिकडे गेली.

याचा पुरावा दगडात पाहायला मिळतो. जपानमधल्या जुन्या स्मशानांत आणि देवळांच्या आवारात 'गोरिनतो' नावाचे पाच टप्प्यांचे छोटे स्तूप असतात. तळाला चौकोनी ठोकळा, त्यावर गोळा, त्यावर उतरत्या छपरासारखा तुकडा, मग अर्धगोल आणि टोकाला मणी. अनेकांवर खालून वर पाच बीजाक्षरं कोरलेली असतात: अ, व, र, ह, ख. लिपी सिद्धम्, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीणच. टोकावरचा 'ख' आकाशाचा. खग, खगोल या शब्दांतला ख तोच.

गंमत म्हणजे मुसाशी प्रस्तावनेत बजावतो की बौद्धांची किंवा कन्फ्यूशियसपंथीयांची जुनी वचनं मी उसनी घेणार नाही. वचनं घेतली नाहीत हे खरं, पण सांगाडा बौद्धच राहिला. 1643 साली तो क्युशू बेटावर हिगो प्रांतातल्या (आजचं कुमामोतो) इवातो डोंगरावर चढला, कान्नोनला, म्हणजे अवलोकितेश्वराला, नमस्कार केला आणि पहाटे चारच्या सुमारास लिहायला बसला. तेव्हा तो स्वतःच्या हिशोबाने साठीत होता. 1645 साली वारला. तेराव्या वर्षी पहिली लढत जिंकली, अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत साठाहून जास्त लढलो, एकही हरलो नाही, असं तो स्वतःबद्दल सांगतो. 1612 सालची, बेटावरची, सासाकी कोजिरो या तलवारबाजाबरोबरची जगप्रसिद्ध लढत? तिचं नावही नाही. ती आपल्यापर्यंत आली दत्तक मुलगा इओरी याने 1654 साली कोकुरा इथे उभारलेल्या शिलालेखातून आणि पुढच्या कथांतून. वल्हं तासून केलेली लाकडी तलवार वगैरे रंग कथाकारांचे. थरार शोधत ग्रंथ उघडणाऱ्याला पृथ्वी खंडात सुताराचा दृष्टांत भेटतो: कुठलं लाकूड खांबाला, कुठलं चौकटीला, कुठलं जळणाला.

मला सगळ्यात आवडतो तो वायू खंड. त्यात वाऱ्याबद्दल जवळजवळ काही नाही, इतर पंथांच्या तलवारबाजीची खरडपट्टी आहे. लांबलचक तलवारीवर भिस्त ठेवणारे, आखूड तलवारीचे भक्त, डावपेचांच्या याद्या विकणारे, सगळे यात येतात. हे वायूत का? कारण जपानीत 'फू' या अक्षराचा दुसरा अर्थ धाटणी, पद्धत. 'वाफू' म्हणजे जपानी धाटणीचं, 'योफू' म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचं. इंग्रजीत हा श्लेष तळटीप मागतो. मराठीत 'पोराला शहराचं वारं लागलं' म्हणणाऱ्याला तळटीप कशाला हवी?

शेवटचा 'कू' भाषांतरकाराची परीक्षा घेतो. खंड जेमतेम पानभराचा. हे अक्षर आकाशालाही चालतं आणि शून्यालाही. कराटेतला 'करा' तोच, रिकामा (हात). महाभूतांच्या यादीत ठेवायचं तर 'आकाश' हवं, पण मुसाशी जे सांगतो ते 'शून्या'जवळ जातं. मी मथळ्यात 'आकाश' ठेवीन आणि मजकुरात 'शून्य' वापरीन. नाहीतरी आपलं महाभूत-आकाश म्हणजे डोक्यावरचं निळं आभाळ नव्हेच, ते अवकाश.

कड्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आजच्या जपानी वर्तमानपत्रात 'गोरिन' दिसलं तर ते ऑलिम्पिक. तिथली पाच वर्तुळं खरोखरच कडी आहेत. 1936 साली मथळ्यातली जागा वाचवायला एका पत्रकाराने हा दोन अक्षरी शब्द काढला, कारण जपानीत 'ऑलिम्पिक' लिहायला सहा अक्षरं लागतात.

तेव्हा मुसाशीच्या ग्रंथाला 'पंचमहाभूतांचा ग्रंथ' म्हणा. 'पंचचक्र' मीही करून पाहिलं होतं, पण ते ऐकताच लोक कुंडलिनीची चौकशी करू लागतात.

नावाचं उत्तर सोपं आहे. जपानीत शेवटची इ ऱ्हस्वच उच्चारतात. पण मराठी लेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायची रीत आहे, म्हणून मुसाशी. 'मु' मात्र ऱ्हस्वच ठेवा. हो, 'मु'च, 'मूसाशी' लिहिलेलंही मी पाहिलं आहे.